पाटावर चिकटवलेले दाणे

हे सत्त्याहत्तर साल. माझं वय सदुसष्ट, म्हंजे घरातले सांगतात तसं. मी जन्मलो तवा निझामाचं राज्य होतं आन आमच्यासारख्या मेंढरंवाल्यांची लेकरं कवा जन्मली ते लिहून ठेवायला कुणाला फुरसत नव्हती. गुरुजी, तुम्ही माझ्याहून पंचवीस-एक वरसांनी लहान. तरी आधी गेलात. हे बराबर झालं न्हाई. आधी एवढं लिहितो, मंग बाकीचं.

शाळा उघडली त्या दिवशी नव्या मास्तरांनी फळ्यावर तुमची माहिती लिहिली. जन्मगाव, शिक्षण, नोकरीची वरसं. अक्षर देखणं हाय त्यांचं. मी दारात उभा राहून सगळं वाचलं. त्यात साळवे गुरुजी कुठंच नव्हते. हातावर तंबाखू मळता मळता दुसरीच्या पोराचं गणित बघायला जाणारे, त्याच हातानं खडू उचलणारे, आन मंग खडूसकट तंबाखू तोंडात टाकून थू थू करत बाहेर पळणारे गुरुजी त्या फळ्यावर मावले न्हाईत. पोरं किती हसायची! तुम्ही म्हणायचे, "हसा, हसा. पण सात साते किती ते सांगून हसा."

मला बालबोध लिहिता येतं ते तुमच्यामुळं. तुम्ही शिकवलं म्हणून न्हाई. तुमच्याशी भांडायला पाहिजे होतं म्हणून. आन आज लिहून राह्यलो तेही त्याच्याचसाठी. आपलं भांडण अर्धं राह्यलंय. तुम्ही तुमचं बोलून निघून गेलात, माझं उत्तर माझ्याजवळच हाय. ते उत्तर चुकलं का बरोबर, हे सांगायलाही कुणी उरलं न्हाई.

ठकू माझी नात. तीन वरसांची असताना तिला देवी आल्या. देवी गेल्या, जाताना तिचे दोन्ही डोळे घेऊन गेल्या. तिचे आईबाप कळपामागं असतात. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतात ते पाऊस पडेस्तोवर वाडीत दिसत न्हाईत. रोज नवा तळ, रोज नवी वाट, तिथं आंधळं लेकरू कुठं सांभाळणार? म्हणून ती माझ्याजवळ आन म्हातारीजवळ वाढली. गावातलं कुणी ओसरीवर आलं की तिच्या डोक्यावरून हात फिरवायचं आन च्-च् करायचं. त्या च्-च् चा मला फार राग. मेंढरू आजारी पडलं तरी आम्ही त्याच्यापुढं असं करत न्हाई.

दुष्काळ सरला त्या वरसी तुम्ही आपल्या वाडीच्या शाळेत आल्ता. एक खोली, एक मास्तर, चार इयत्ता. मी ठकूचं बोट धरून दारात उभा राह्यलो.

तुम्ही तिच्या तोंडाकडं बघितलं. "आबा, हिला दिसत नाही ना?"

"तुम्हाला दिसतंय ना? मंग झालं. शिकवणार तुम्ही हाय."

तुम्ही हसला न्हाईत. म्हणाले, "एका खोलीत चार वर्ग आहेत. तिसरीला गणित घालावं तर पहिली भांडते. हिच्याकडं मी कधी बघू? अशा मुलांसाठी औरंगाबादला निराळी शाळा असते."

"औरंगाबाद माझ्या वाडीत न्हाई. ही शाळा हाय. हिच्या भिंतीला मी माती वाह्यलीय."

"मातीनं शिकवता येत नाही, आबा. मला तसं शिकवायला येत नाही."

"मंग शिकून घ्या," मी म्हणालो आन दारातच बसलो.

लोकर कातायची चाती माझ्या हातात असायचीच. आमच्या जातीच्या म्हाताऱ्याचे हात रिकामे राहत न्हाईत. चालता, बसता, बोलता चाती फिरतच असते. ठकूला शेजारी बसवून मी रोज तुमच्या दारात सूत कातायला लागलो. तुमच्याशी बोलायचं न्हाई असं मी ठरवल्तं. पण पोरांशी बोलायचं न्हाई असं काही ठरवलं नव्हतं. तुम्ही तिकडं चौथीला शिकवायचे आन इकडं पहिलीत दंगा सुरू झाला की मी दारातून वरडायचो, "ए शेंबड्या, खाली बस. न्हाईतर चाती फेकून मारीन." पोरं गप व्हायची. तुमचं गुरगुरणं मला ऐकू यायचं. शेवटी एक दिवस तुम्ही फळा सोडून माझ्यासमोर येऊन उभे राह्यले.

"आबा, बाहेर बसून शाळा तुम्हीच चालवता. असं करू. दोघांपैकी एकाला आत घेतो."

"पोरीला घ्या."

"मग तुम्हाला काय घेणार होतो? घरी जा आता."

जाताना मी चातीला दोन जास्तीचे फेरे दिले. एवढा खुश मी मुलाच्या लग्नातही झाल्तो का न्हाई, आठवत न्हाई.

पण आत बसवलं म्हंजे शिकणं झालं असं न्हाई, हे तुम्हाला त्याच आठवड्यात कळालं आन मला पुढं. पाटीवरचं तिला काय कळणार? तुम्ही तिच्या तळहातावर बोटानं अक्षर काढायचे तर तिला गुदगुल्या व्हायच्या. ती हसायची, तिचं बघून सगळी पहिली हसायची, आन तुमचा पारा चढायचा. मंग एकदा तुम्ही आमच्या ओसरीवर आले. मी घोंगडीचा फाटलेला काठ जाड लोकरीनं शिवत होतो. तुम्ही त्या टाक्यांवरून हात फिरवला, एकदा, दोनदा, आन डोळे मिटून परत फिरवला.

"आबा, हे हाताला लागतं."

"घोंगडी हाय. लागणारच."

"अक्षरं शिवता येतील का अशी?"

तुम्ही कागदाच्या एकेका चिठोऱ्यावर एकेक अक्षर काढून द्यायचं आन मी ते काळ्या घोंगडीवर पांढऱ्या लोकरीनं जाड शिवायचं, असं ठरलं. रोज एक. ठकू बोट फिरवायची, नाव घ्यायची. मला वाटलं, बघा, जे मास्तरला जमलं न्हाई ते सुईनं केलं. मंग एक दिवस तुम्ही शाळेत तिच्याकडून ती घोंगडी वाचून घेतली. डाव्या कडेवर तिचं बोट ठेवलं आन म्हणाले, म्हण. ती म्हणाली, "ऐ, ए, ऊ, उ." तुम्हाला वाटलं, पोरीनं नुसतं ऐकून पाठ केलं आन तेही उलटं. रागावलात. ती रडली. "आबानं असंच शिवलंय," म्हणाली.

चूक माझी नव्हती. मी निझामाच्या शाळेत दोन वरसं गेल्तो. मौलवीसाहेब अलिफ, बे शिकवायचे. तिथं लिहिणं उजवीकडून सुरू होतं. तुमचं पहिलं अक्षर मी उजव्या कडेला शिवलं, दुसरं त्याच्या डावीकडं. आमच्या हातानं दुसरं काय केलं असतं?

त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या ओसरीवर पोट धरून हसले. खोकला लागला तरी हसत राह्यले. "आबा, निझाम गेला त्याला पंचवीस वर्षं झाली."

"निझाम गेला. माझा हात न्हाई गेला. पोरीला सांगा, उजवीकडून वाच."

"आणि बाकीचा सगळा महाराष्ट्र?"

"त्याचं तो बघंल."

तुम्ही गेल्यावर म्हातारी म्हणाली, "उसवा आता. मास्तर बराबर हायत." मी म्हणालो, उजेड गेला, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी ते समदं उसवलं. तुम्हाला सांगितलं न्हाई. नवी शिवलेली घोंगडी नुसती पाठवून दिली. तुम्हीही काही बोलले न्हाईत. शिवताना एकदा आन उसवताना एकदा, असा मी बालबोध शिकलो.

अक्षरं आली, पण पुस्तक काही घोंगडीवर मावत न्हाई. तवा तुम्ही काढलेली युक्ती मला आजही भारी वाटती. जो धडा ज्याच्या वाट्याला, त्यानं तो ठकूशेजारी बसून वाचायचा. तिला नीट कळला तरच त्याची सुट्टी. वाडीची पोरं आधी वाचायची म्हंजे तोंडात पुटपुटायची, निम्मं गिळायची. ठकू म्हणायची, "काय कळालं न्हाई, परत वाच." परत. परत. भुका लागल्यावर पोरं खणखणीत वाचायला लागली. तपासणीला भोकरदनहून साहेब आले तवा त्यांनी इचारलं म्हणे, एवढ्याशा वाडीतली पोरं इतकी मोकळी वाचतात कशी? तुम्ही म्हणाले, "एक पोरगी ऐकायला बसवलीय, साहेब." हे तुम्हीच मला सांगितलं आन सांगताना छाती अशी पुढं काढली होती, जसं काय साहेबांनी तुम्हाला घोडा बक्षीस दिला.

आन एकदा तुम्ही तिला मारलं. मालननं, शेजारच्या पोरीनं, ठकूची चिंच खाल्ली म्हणून ठकू तिला कडकडून चावली. तुम्ही तिच्या हातावर पट्टी मारली. तिचा लाल हात बघून मी काठी घेऊनच शाळेत आल्तो.

"आंधळ्या लेकराला मारता? लाज वाटत न्हाई?"

"चावली ती. रक्त आलंय मालनला."

"म्हणून मारायचं?"

"मालन चावली असती तर मारलंच असतं ना? आबा, शाळेत घातलीय ना? मग मार पण शाळेचाच मिळंल. तो पाहिजे नसंल तर ओसरीवर बसवा आणि च्-च् करा."

मी माघारी आलो. लई दिवस तुमच्याशी बोललो न्हाई. वाटेत दिसले तर शेळ्यांशी बोलायचो. पण त्या दिवशी संध्याकाळी ठकू आन मालन दोघी आपापले सुजलेले हात एकमेकींना दाखवून कुणाचा जास्ती दुखतो त्यावर भांडत होत्या, ते मी ऐकलं. तिला आजवर कुणी शिक्षा केली नव्हती. ती खरी शाळेत गेली ती त्या दिवशी. हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं न्हाई, कारण सांगितलं असतं तर तुम्ही परत छाती काढली असती.

आता भांडणाचं लिहितो.

एप्रिलात ठकू चौथी पास झाली. सगळी परीक्षा तुम्ही तोंडी घेतली. वाडीत पुढं शाळा न्हाई. पाचवीला पोरं पिंपळगाव रेणुकाईला जातात, दीड कोस चालत, मधी वढा. निकाल लागला त्या दिवशी तुम्ही ओसरीवर बसले. ठकूनं पाणी आणून बराबर तुमच्या हातात दिलं. तुम्ही म्हणाले, "आबा, जूनपासून ठकू पिंपळगावला जाईल. मी हेडमास्तरांशी बोललोय."

मी म्हणालो, "न्हाई."

"का?"

"दीड कोस. वढा. पाचवीत पन्नास-साठ पोरं. कुणी ढकललं तर? हसलं तर? चार बुकं झाली, बस झालं. पुढचं तुम्हीच शिकवा, हितं."

"माझ्याकडं चौथीच्या पुढं काही नाही. ती पाचवीच्या पोरांत पाहिजे, माझ्या पहिलीच्या शेंबड्यांत नाही. आणि पुढं तिला घोंगडी पुरणार नाही. आंधळ्यांची टिंबांची लिपी असते, बोटानं वाचायची. ती शिकायला पाहिजे."

"मंग तुम्ही शिका."

"ते बघू. पण तिला जाऊ द्या. तुम्हीच हट्ट करून तिला घरातून शाळेत आणली. आता शाळेतून पुढं जाऊ द्यायला का भीता?"

भीतो? मला भीतो म्हणाले! मी कळपावर आलेला लांडगा काठीनं हाणलाय. मी म्हणालो, "तुम्ही होता म्हणून आणली. पिंपळगावात तुम्ही न्हाई."

तुम्ही उठले. चप्पल पायात घालता घालता म्हणाले, "आबा, मी बदलीचा माणूस. तुमच्या पोरीला मी काय जन्मभर पुरणार आहे?"

मी तोंड फिरवलं. तुम्ही सुट्टीला वडीगोद्रीला, तुमच्या गावी गेले. जाताना ओसरीवर आले न्हाईत. का आल्ते आन मी शेळ्यांमागं होतो? म्हातारीला इचारलं, तिला आठवत न्हाई. एवढीशी गोष्ट मी आजकाल किती घोकत बसतो.

भोकरदनच्या बाजारात दुसऱ्या गावचे एक मास्तर भेटले. त्यांनी सांगितलं की साळवे गुरुजी ताप येऊन वारले, बरेच दिवस झाले. मी दोरी इकत घेत होतो. मी दोरी घेतली, नीट गुंडाळली, खांद्यावर टाकली. काय करावं माणसानं?

मंग मी वडीगोद्रीला आलो. जालन्याला यष्टी बदलली, रस्त्यावरच्या हाटेलात तुमचं घर इचारलं. तुमच्या बाईंनी दार उघडलं. मी नाव सांगायच्या आतच त्या म्हणाल्या, "तुम्हीच का ते आबा? पागोट्यावरून वळखलं." आन रडता रडता हसल्या. "सगळी सुट्टी तुमच्याशीच भांडत होते ते. तुम्ही नव्हता हितं, तरी भांडत होते. भाकर खाता खाता मधीच म्हणायचे, त्या म्हाताऱ्याला कसं समजावून सांगू?"

मंग त्यांनी सांगितलं. तुम्ही मे महिन्याच्या उन्हात औरंगाबादला गेल्ते. आंधळ्या पोरांच्या शाळेत बसून ती टिंबांची लिपी बघून आल्ते. सहा टिंबांत समदी अक्षरं बसतात म्हणे. घरी आल्यावर रोज दुपारी जेवायचा पाट पुढ्यात घ्यायचा, डिंकानं त्याच्यावर ज्वारीचा एकेक दाणा चिकटवायचा, सहा सहाच्या घरात, आन डोळे मिटून बोट फिरवायचं. चुकलं की स्वतःलाच शिवी द्यायची. बाई म्हणायच्या, "खायची ज्वारी पाटाला काय चारता?" तुम्ही म्हणायचे, "थांब, थोडीच राह्यली. मुळाक्षरं पुरी झाली की त्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात नेऊन आदळतो."

"कुठाय तो पाट?" मी इचारलं.

बाईंनी बोट दाखवलं. भिंतीशी पाट होता. पाटावर तुमचा फोटो, फोटोपुढं मेणबत्ती. पाट स्वच्छ होता.

"फोटो ठेवायला घरात दुसरं काही नव्हतं," बाई म्हणाल्या. "वारल्यावरच्या इधीला पाव्हणे आल्ते. मला सुधरत नव्हतं काही. दाणे चिकटलेले दिसले, मी खरवडून काढले, घासून घेतला." बोलता बोलता त्या थांबल्या. माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. "काही महत्त्वाचं होतं का हो, आबा?"

"न्हाई," मी म्हणालो. "दाणेच होते."

गुरुजी, मी आयुष्यात कुणाला घाबरून खोटं बोललो न्हाई. हे बोललो. तुमची मुळाक्षरं कोंबड्यांनी खाल्ली आसतील. अंगणात त्या फिरतच होत्या. फोटोला हात जोडायच्या निमित्तानं मी पाटावर हात ठेवला. एका कोपऱ्यात काहीतरी खरखरीत लागलं. डिंक होता, का लाकडाचीच गाठ, माझ्या बोटांना कळालं न्हाई. ठकूच्या बोटांना कळालं असतं. पण कळून तरी काय? ते अक्षर कोणतं, हे सांगणारा माणूस फोटोत बसला होता.

दुपारी तुमच्या घरी जेवलो. पिठलं, भाकर, ठेचा. आपल्या वाडीत चार वरसांत तुम्ही कितीदा माझ्या ओसरीवर आले. तुमच्या खोलीवर पाणी प्यायचा परसंग मी येऊ दिला न्हाई. तुम्ही बौद्धवाड्यात राहत होते, आन मी माझ्या घरचा मोठा. हे तुम्ही जाणून होता, मीही जाणून होतो. वडीगोद्रीत मी दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी मागितली. तुम्ही बघायला पाहिजे होतं.

त्या उन्हात तुम्ही कुणासाठी गेल्ता ते मला म्हाईत हाय. "मंग तुम्ही शिका," हे कोण म्हणलं होतं तेही म्हाईत हाय. बाईंनी एका शब्दानं बोल लावला न्हाई. लावला असता तर बरं झालं असतं, मी त्यांच्याशी भांडलो तरी असतो. आता ह्याच्याबद्दल भांडू कुणाशी? उन्हाशी?

ठकूला मी सांगितलं, गुरुजी गेले. पाटाचं सांगितलं न्हाई. तिनं एवढंच इचारलं, "पिंपळगावच्या शाळेशी बोलल्ते ना ते?"

म्हणून शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी एकटा पिंपळगावला गेलो. हेडमास्तर बरा माणूस हाय. खुर्ची दिली, च्या पाजला. तुमचं नाव काढल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"साळवे गुरुजी बोलले होते. मी हो म्हणालो होतो, कारण ते म्हणाले होते की शनिवारी दुपारी ते स्वतः येऊन तिच्यासोबत बसतील, टिंबं शिकवतील, मास्तरांना सांगतील. आता कोण बसणार, आजोबा?"

"मी बसतो."

"तुमचं शिक्षण किती?"

"दोन वरसं. उर्दू."

ते हसले. वाईट हसले न्हाईत. "पाचवीला साठ मुलं आहेत. तिथं इंग्रजी सुरू होतं, भूमिती आहे. लिहिणार कशी? तिला औरंगाबादला न्या. तिची जागा तिथं आहे."

मी तेही इचारून आल्तो. यष्टीनं परत येताना जालन्यात उतरून एका शिकलेल्या माणसाकडून समजून घेतलं. दाखले पाहिजेत, डॉक्टरचा कागद पाहिजे, जागा रिकामी पाहिजे, आन पोरगी वरसाचे दहा महिने तिथंच ठेवायची. जिला आईबापाचा आवाज चार महिने मिळतो, तिचे तेही काढून घ्यायचे. तिथं तिला लिपी मिळंल, मालन मिळणार न्हाई. तुम्ही असता तर सांगितलं असतं की दोन्हीतलं काय जास्ती लागतं. मला काय कळतं?

"मंग तुम्ही तिला ठेवून घेत न्हाई," मी हेडमास्तरांना म्हणालो.

"ठेवत नाही असं मी म्हणत नाही. दाखला आहे, पास आहे. पण जबाबदारी घेत नाही."

गुरुजी, ह्या वाक्याला मी काय उत्तर द्यायचं होतं? त्यानं दार लावलं नव्हतं. उघडलंही नव्हतं. लावलेल्या दारात मी बसलो असतो. मला तेवढंच येतं.

वाडीत आलो तवा दिवस कलला होता. ओसरीवर पोरांचा घोळका. चौथी पास झालेली समदी, मालन पुढं. नव्या पिशव्या एकमेकांना दाखवून राह्यली होती. मालननं मला बघितलं आन म्हणाली, "आबा, उद्या शाळेचा पहिला दिस. आम्ही वडाखाली जमणार. ठकूला कवा घ्यायला येऊ?"

त्यांना कुणी इचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. ती येणार, एवढंच त्यांना म्हाईत.

"ती येत न्हाई," मी म्हणालो.

"का?" सगळीच एकदम बोलली.

"तिथं तिला शिकवायला कुणी न्हाई."

मालन म्हणाली, "धडा तर आम्हीच वाचतो की तिला. गुरुजी कुठं वाचायचे?"

"इंग्रजी कसं वाचशील?"

"ते आम्हाला तरी कुठं येतंय? आमचं बी पहिलंच हाय."

म्हातारी चुलीपाशी खुदकन हसली. ठकू भिंतीला टेकून बसली होती. ती हसली न्हाई. म्हणाली, "आबा, ते ठेवून घेत न्हाई म्हणाले का?"

"न्हाई. तसं म्हणाले न्हाईत."

"मंग मी जाणार. घालवून दिलं तर येईन माघारी. वाट तर कळंल."

तुमच्यासारखीच बोलती ती, मधी खोकला तेवढा न्हाई. तिला घालवून देतील का? देतीलही. हेडमास्तर चांगला, पण वर्गावरचा मास्तर कसा, कुणास ठावं. पहिल्याच महिन्यात परीक्षा आली की काय करणार? टिंबं कोण शिकवणार? ह्यातल्या एकालाही माझ्याजवळ उत्तर न्हाई, आन तुमचं उत्तर पाटावरून खरवडून गेलं. म्हातारीला म्हणालो, सकाळी हिची भाकर बांध. एवढंच माझ्या तोंडून निघालं, तेही कुरकुरत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालन दारात आली. ठकूची वेणी झाली होती, पिशवी खांद्याला होती. मी पागोटं बांधून, काठी घेऊन तयार उभा होतो.

"वढ्यापाशी हात सोडू नको," मी मालनला म्हणालो.

"आबा, वढ्यात दगड कुठं हाय ते तिलाच जास्ती म्हाईत. मीच तिचा हात धरती."

ठकूनं माझ्या काठीचा आवाज ऐकला आसंल. ती माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "तुम्ही येऊ नका, आबा."

"मी कशाला येतो? मला शेळ्या हायत."

पोरं गेली. वडापाशी त्यांचा गलबला झाला, मंग वाटंनं लांब लांब होत गेला. मी शेळ्या सोडल्या. त्या सवयीनं वढ्याकडंच निघाल्या, पिंपळगावच्या वाटंला, तिकडं पाला बरा असतो. मी पुढं पळालो, काठी आडवी धरली, त्यांना माघारी वळवलं आन दुसऱ्या अंगाच्या बोडक्या टेकडीकडं नेलं. तिकडं चारा न्हाई.